'हिपॉक्रिट' : एका शब्दाचे वेषांतर

इंग्रजी-मराठी कोशांत 'हिपॉक्रिट' या शब्दापुढे 'ढोंगी', 'दांभिक' असे प्रतिशब्द आढळतात. ते चुकीचे आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु या शब्दामागे जी रंगभूमी उभी आहे ती त्या प्रतिशब्दांत दिसत नाही, आणि त्यामुळे एका महत्त्वाच्या भेदाकडे आपले दुर्लक्ष होते.

शब्द मूळचा ग्रीक. 'क्रिनेइन' म्हणजे निवडणे, निर्णय करणे. त्याला 'हिपो' हा उपसर्ग लागून सिद्ध झालेल्या क्रियापदाचा अर्थ होमरच्या काव्यात उत्तर देणे, स्वप्नाचा वा शकुनाचा अर्थ सांगणे असा आहे. पुढे अथेन्समध्ये 'हिपोक्रितीस' म्हणजे नट. समूहगायकांना उत्तर देतो म्हणून तो नट, की नाटककाराचे शब्द उलगडून दाखवतो म्हणून, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. निंदा मात्र या शब्दात नव्हती. ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात वक्त्याच्या उच्चारणाला व स्वराच्या चढउताराला याच धातूपासून आलेली संज्ञा लावतो.

निंदा आली ती धर्मग्रंथांतून. ज्यू धर्मग्रंथांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ईयोबाच्या पुस्तकात अधर्मी मनुष्याला हा शब्द लावलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना येशू हेच विशेषण देतो. प्रेक्षकांवाचून जिचे चालत नाही अशी ती भक्ती. तिला नटाचे नाव मिळाले यात नवल नाही. तेथून लॅटिन व फ्रेंच या मार्गाने शब्द इंग्रजीत आला, तो नट मागे टाकूनच.

आमच्या मते येथे नटावर अन्याय झाला. नटाचे सोंग हे प्रेक्षकाच्या संमतीने चाललेले असते. दांभिकाचे सोंग प्रेक्षकाला अंधारात ठेवूनच चालते. मोलिएरच्या 'तार्त्युफ'ची हकीकत याच भेदावर प्रकाश टाकते. १६६४ साली या नाटकावर बंदी आली आणि ती पुरती उठण्यास १६६९ साल उजाडले. नटाने उघडपणे ढोंग्याचे सोंग आणले, तेव्हा लपून सोंग आणणाऱ्यांची पंचाईत झाली!

मराठीने हा भेद बराच जपला आहे. दशावतारातील सोंग पाहताना मुखवट्याखालचा माणूस आपल्याच गावचा आहे हे लहान मुलालाही ठाऊक असते. दंभाची गोष्ट वेगळी. गीतेच्या १६व्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना सुरू होते ती दंभापासूनच. अर्थात 'झोपेचे सोंग' म्हणताना आपलाही शब्द ग्रीक शब्दाच्याच वाटेने निघालेला दिसतो, हे नाकारता येणार नाही.

हा भेद आम्हांस केवळ कोशापुरता वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणारे आम्ही लोक गणेशोत्सवात हौशी नाटके करतो. त्या रात्री खोट्या मिशा लावून जे बोलतो त्यात लबाडी नसते. परंतु त्याच व्यासपीठावरून मातृभाषेच्या अभिमानाचे भाषण ठोकून घरी परततो आणि मुलांशी उरलेले वर्षभर हिंदी-इंग्रजीत बोलतो, तेव्हा 'हिपोक्रितीस'च्या कोणत्या अर्थाला आपण पात्र ठरतो? मिशा उतरवता येतात; हे सोंग आपल्या अंगावर आहे याचीच आपल्याला आठवण राहत नाही.

दांभिक म्हणून इतरांस हिणवणे टीकाकारास फार सोपे असते. त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की 'क्रिटिक' हा शब्दही त्याच 'क्रिनेइन'पासून निघाला आहे. दोघे एकाच कुळातले. तेव्हा निर्णयाची सुरुवात स्वतःपासून व्हावी, हे बरे.