कालव्याचा दिवस

आमच्या पंतनगरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी एका रविवारी मला व्हॉट्सॲपवर तीन पीडीएफ पाठवल्या. खाली मेसेज होता: ‘तू एवढं वाचतेस, यातलं कुठलं घ्यायचं ते सांग. काका म्हणतात तिन्ही सारखंच.’

तिन्ही पनामा कालव्याच्या क्रूझ होत्या. मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्याकडे तीन महिने राहायला जायचं आणि मधे फ्लोरिडातून जहाज पकडायचं, असा बेत. अर्धे पैसे मुलगा देणार, उरलेले काकांच्या ग्रॅच्युइटीतले. आपल्याकडे हे आता नवीन नाही. घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत नायगरा करून आलेलं जोडपं सापडतं, आणि नायगराच्या पुढची पायरी म्हणजे क्रूझ.

मी त्या पीडीएफ पुस्तकासारख्या वाचल्या, आणि काकांचं म्हणणं एका अर्थी खरं निघालं. भाषा तिन्हींची सारखीच. सगळीकडे ‘साक्षीदार व्हा’, ‘अनुभवा’, ‘चमत्कार’. क्रियापदं सगळी आज्ञार्थी आणि कर्ता सगळीकडे गायब. कालवा ‘बांधला गेला’, जहाज ‘उचललं जातं’, तलाव ‘पसरलेला आहे’. कोणी बांधला, कशाने उचललं जातं, तलाव आधी तिथे होता का, याचा पत्ताच नाही. जेवणाच्या पानांवर मात्र कर्ते हजर. शेफ कुठला आणि वाइन कोणी निवडली, सगळं लिहिलेलं.

पण वस्तू म्हणून तिन्ही सहली अजिबात सारख्या नव्हत्या. पहिल्या पीडीएफमधलं जहाज अटलांटिकच्या बाजूने गातून लॉकमधून वर चढतं, गातून तलावात थोडं फिरतं आणि आलं त्याच वाटेने परत जातं. याला ‘पार्शियल ट्रान्झिट’ म्हणतात. म्हणजे दादरहून कर्जतची गाडी पकडायची आणि ठाण्याला उतरून परत यायचं. दुसऱ्यातलं जहाज कालवा पूर्ण ओलांडतं, पण ते इतकं रुंद आहे की २०१६ साली सुरू झालेल्या नव्या लॉकमधूनच जातं. तिसरं लहान, जुन्या लॉकमधून जाणारं.

लॉक म्हणजे पाण्याची खोली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, वरच्या तलावाचं पाणी सोडायचं. पाणी चढतं तसं जहाज चढतं. पंप नाही, सगळं उतारावर. गातूनला अशा तीन खोल्या लागून आहेत आणि त्या जहाजाला समुद्रापासून साधारण २६ मीटर वर नेतात. जुनी खोली ३३.५ मीटर रुंद, आणि तिच्यात मावणारं सर्वांत मोठं जहाज ३२.३ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सव्वा मीटरही उरत नाही. बाल्कनीतून हात लांबवला तर १९१४ सालच्या काँक्रीटला लागेल असं वाटावं, इतकं ते जवळ येतं. भिंतीवरच्या रुळांवरून छोटी इंजिनं जहाजाला तारांनी मधोमध धरून ठेवतात. नवी खोली ५५ मीटर रुंद आहे. तिथे इंजिनं नाहीत, टगबोटी आहेत. काम चोख होतं, पण बघणाऱ्याच्या हाती फार लागत नाही. हा फरक माहितीपत्रकात कुठेही नव्हता. तो शोधायला मला जहाजांच्या रुंदीचे आकडे बघावे लागले.

सुएझचं काय, असं काकांनी विचारलंच. मुंबईच्या माणसाच्या तोंडात तेच नाव आधी येणार. १८६९ साली तो कालवा उघडला आणि मुंबई बंदराचं नशीब पालटलं. पंडिता रमाबाई १८८३ साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेल्या. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचं लेखन पत्ररूपाने आहे, आणि त्या काळी एका विधवेने लहान मुलीला घेऊन समुद्र ओलांडणं हाच मुळात वादाचा विषय होता. पुढची कितीतरी वर्षं विलायतेला जाणं म्हणजे सुएझमधून जाणं. १९६७ च्या युद्धात कालवा बंद पडला. तो १९७५ साली उघडला तोवर आपली माणसं विमानाने जायला लागली होती आणि मराठी प्रवासवर्णनातून बोट जवळजवळ उतरून गेली. माझ्या मते त्याने प्रवासवर्णनाचं नुकसानच झालं, पण ते असो. आज सुएझमधून क्रूझ जाते ती बहुधा हंगाम बदलताना, जहाज भूमध्य समुद्रातून आशियाकडे हलवायचं असतं तेव्हा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी ती वाट सोडली. शिवाय तिथे लॉक नाहीत. १९३ किलोमीटर सपाट पाणी आणि दोन्हीकडे वाळू. मला स्वतःला ती बघायला आवडेल, काकूंना नाही.

क्रूझच्या भाषेबद्दल बोलायचं तर डेव्हिड फॉस्टर वॉलेसचा निबंध टाळता येत नाही. १९९५ साली तो एका मासिकातर्फे सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर गेला आणि लाड करून घेता घेता माणूस कसा तान्ह्या बाळासारखा होतो, यावर त्याने शंभरेक पानं लिहिली. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग फ्रँक कॉनरॉय या लेखकाबद्दल आहे. कॉनरॉयने कंपनीकडून पैसे घेऊन क्रूझवर लेख लिहिला होता आणि तो माहितीपत्रकात निबंध म्हणूनच छापला गेला. वॉलेसचा आक्षेप असा, की जाहिरातीने कलेचा वेष घेतला की वाचक सावध राहत नाही. आज आपल्या फोनवर दिसणाऱ्या ‘आमची पनामा ट्रिप’ छापाच्या व्हिडिओंपैकी किती कंपनीच्या खर्चाने झालेत, हे कुठे नीट सांगितलेलं असतं?

पण वॉलेसचं एक मला खटकतं. त्याचं सगळं लक्ष जहाजाच्या आत आहे: टॉवेल, संडासाचं फ्लश, स्वतःची उदासी. बाहेरचं बंदर त्याला फक्त लाजिरवाणं वाटतं. बंदरावरून जहाज कसं दिसतं हे वाचायचं असेल तर एरिक वॉलरंडकडे जावं लागतं.

वॉलरंड ब्रिटिश गयानात जन्मला आणि कोलोन या पनामाच्या अटलांटिककडच्या शहरात वाढला. ‘ट्रॉपिक डेथ’ हा त्याचा दहा कथांचा संग्रह १९२६ साली आला. त्यातल्या ‘द व्हार्फ रॅट्स’ या कथेत कालव्यावर मजुरी करणाऱ्या एका घरातली मुलं आहेत. बंदरात प्रवासी जहाज आलं की ती पाण्यात उड्या मारतात आणि वरून गोऱ्या प्रवाशांनी फेकलेली नाणी बुडून वर काढतात. शेवटी त्यातल्या एकाला शार्क नेतो. वॉलरंड प्रवाशांना खलनायक करत नाही. ते नाणी टाकतात, हसतात, मजेत आहेत. कथा भयंकर होते ती त्यामुळेच. वाशीच्या खाडीवर लोकलच्या दारातून नाणं टाकताना मीही लहानपणी खूश झालेली आहे. ते खाली कोण वेचतं हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

हा कालवा ज्यांनी खणला ते मुख्यतः बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरचे काळे मजूर. अमेरिकी अमलात माणसांच्या दोन याद्या होत्या. गोऱ्यांची ‘गोल्ड रोल’, पगार सोन्याच्या नाण्यांत. मजुरांची ‘सिल्व्हर रोल’, पगार चांदीत. राहण्याच्या जागा, खानावळी, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. १९०४ ते १९१४ मधले नोंदलेले मृत्यू ५,६०९. त्याआधीच्या फ्रेंच प्रयत्नात गेलेल्यांचा अंदाज २० हजारांच्या पुढे जातो. १९६३ साली एका इतिहास संस्थेने उरलेल्या मजुरांकडून आठवणी लिहून मागवल्या. शंभरावर पत्रं आली आणि ती आज ऑनलाइन वाचता येतात. काकूंच्या तिन्ही पीडीएफमध्ये मिळून या माणसांवर अर्धं वाक्य होतं, तेही कर्मणी प्रयोगात.

आणि पाणी. जुन्या लॉकमधून एक जहाज पूर्ण पार झालं की साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. मुंबईला दिवसाला मिळतं जेमतेम ३८५ ते ४०० कोटी लिटर. रोजची ३६ जहाजं जुन्याच दारांतून गेली असं धरलं, तर ते मुंबईच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. (नव्या लॉकमध्ये बरंचसं पाणी पुन्हा वापरतात.) हे पाणी गातून तलावाचं, आणि पनामा सिटी व कोलोन शहरं पितात तेही त्याच तलावाचं. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा रोजची जहाजं ३६ वरून २२ पर्यंत खाली आणावी लागली. आता रिओ इंडिओ नदीवर नवं धरण घाटतंय आणि त्या खोऱ्यातली गावं विरोधात उभी आहेत. असल्फाच्या टेकडीवर हंडे चढवणाऱ्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

माहितीपत्रकातला सर्वांत सुंदर फोटो याच तलावाचा आहे. हिरवी बेटं, धुकं. ती बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांची डोकी. चाग्रेस नदी अडवून १९१३ पर्यंत तलाव भरला, खालची गावं उठवली गेली. हे वाचताना मला मुळशी आठवलं. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, हरले, आणि मुंबईला वीज मिळाली. आज आपण तिथे ‘लेक व्ह्यू’ खोली घेतो. मीही घेतली आहे, दोनदा. नाश्ता चांगला होता.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. खरं तर जरा जास्तच सांगितलं. त्या शांतपणे ऐकत भाजी निवडत होत्या.

‘मग आम्ही जाऊ नये असं म्हणतेस का?’

या प्रश्नाला समीक्षकांकडे सहसा उत्तर नसतं, कारण आपलं काम पीडीएफ फाडून झालं की संपतं. इथे मात्र एका माणसाची ग्रॅच्युइटी होती. मी म्हटलं, ‘जा. पण तिसरी घ्या. लहान जहाज, जुनी लॉकं, पूर्ण कालवा. पहिलीत तुम्ही अर्ध्यातून परत येणार.’

‘तिसरी सगळ्यात महाग आहे.’

‘बाल्कनीची खोली सोडा, आतली घ्या. कालव्याच्या दिवशी खोलीत बसायचंच नाही. आठ-दहा तास डेकवर.’

काकांनी आतून विचारलं, जहाजावर आपली माणसं असतात का. असतात की. गोव्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ असा शब्दच आहे, आणि धोबीतलावला त्यांच्या गावोगावच्या कुडी अजून आहेत. कोकणातले खलाशी तर विलायतेच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या होते. फक्त कालवा लागतो तेव्हा त्यातले बरेच जण खाली भटारखान्यात असतात.

परवा काकूंचा मेसेज आला. तिसरी बुक केली आहे, आतली खोली. मुलाने वॉलरंडचं पुस्तक मागवलं आहे, पण इंग्रजी अवघड जातंय. ‘ती नाण्यांची गोष्ट तूच मराठीत लिहून पाठव,’ असं म्हणाल्या. खाली आणखी एक ओळ होती: ‘पहाटे किती वाजता डेकवर जायचं ते नक्की कळव, हे उठत नाहीत.’