अंगणांतील मानसशास्त्र

बालमनाच्या वाढीचें जें शास्त्र आमच्या महाविद्यालयांतून शिकविलें जातें, त्यांतील तान्हेपणाविषयींचे प्रमुख सिद्धांत जिनीव्हाच्या प्रोफेसर पियाजे यांचे होत. आणि ते त्यांनीं स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणावरून बांधले. निरीक्षक थोर, यांत शंका नाहीं. परंतु आई नागलीच्या शेतांत राबत असतां थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढणारें खोडाळ्याचें मूल त्याच मापानें मोजावें काय, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.

त्याचें उत्तर आम्हांस कै. ताराबाई मोडक यांच्या कार्यांत दिसतें. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढें राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजाचें प्रमुखपद सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं माँटेसरी पद्धतीचा प्रयोग केला. हा पूर्वार्ध सुपरिचित आहे. खरें संशोधन, आमच्या मतें, १९४५ मध्यें बोर्डीस अनुताई वाघ यांच्या साह्यानें सुरू झालें. महागडीं साधनें बाजूस सारून शंख-शिंपले, खडे, बिया पुढें आल्या, हें सर्वजण सांगतात. आम्ही अधिक महत्त्व देतों तें दुसऱ्याच गोष्टीस. गांवकुसाबाहेरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. एखाद्या पढिक प्राध्यापकानें ही गैरहजेरी मुलांच्याच माथीं मारली असती. बाईंनीं ती आपल्याच गृहीतकाविरुद्धचा पुरावा मानली. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांमागें कुरणशाळा गेली, तीही याच न्यायानें.

येथें एक आक्षेप संभवतो. कोवळ्या मुलानें गुरें राखावींतच काय, हा मूळ प्रश्न कुरणशाळेनें टाळला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो अर्धाच मान्य आहे. दारिद्र्य हटेपर्यंत मुलाचें वय थांबत नाहीं.

१९७५ सालीं सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेनें ‘अंगणवाडी’ हें नांव देशभर नेलें. पद्धति मात्र तितकीशी गेली नाहीं. ज्या जव्हार तालुक्यांत १९९२ मध्यें वावर-वांगणीचे बालमृत्यु घडले, त्या मुलखांत वजनकाट्यास अग्रमान मिळावा हें योग्यच. पण त्यामागें मुलाचें मन झांकलें गेलें. दिवाळीनंतर मोखाड्याकडील कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलें त्यांच्याबरोबर जातात, आणि अंगण तेवढें गांवीं राहतें. ताराबाईंच्या न्यायानें वाडीनेंही त्यांच्या मागोमाग भट्टीवर जावयास हवें.