‘लॉर्ड जिम’मधले आठशे हाजी

जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ (१९००) बी.एड.ला असताना वाचली तेव्हा जिमसाठी जीव तुटला होता. यंदा सुट्टीत पुन्हा वाचली आणि मन खट्टू झालं.

‘पाटणा’ या जुनाट बोटीवर आठशे हज यात्रेकरू, होड्या अवघ्या सात. बोट बुडणार असं वाटताच गोरे अधिकारी झोपलेल्या माणसांना टाकून होडीत उतरतात; शेवटी जिमही उडी घेतो. बोट मात्र बुडत नाही! पुढची सारी कादंबरी म्हणजे त्या एका उडीची शरम. माणूस स्वतःच्याच नजरेतून कसा उतरतो हे कॉनरॅडने असं लिहिलंय की दाद द्यावीच लागते.

पण ते आठशे? त्यांना नावं नाहीत. एक बाप आजारी लेकरासाठी पाणी मागतो. त्याच्या ओरडण्याने गोंधळ माजेल म्हणून जिम त्याच्या तोंडावर कंदील मारतो, मग आपली बाटली देतो. त्या रात्रीचा एवढाच चेहरा जवळून दिसतो. आणि ही निव्वळ कल्पना नव्हे. १८८० साली ‘जेद्दाह’ बोट नऊशेंहून अधिक यात्रेकरूंसह अशीच सोडून दिली गेली. दुसऱ्या जहाजाने ती ओढून एडनला आणली.

आमचे दादा मुंबईहून बोटीने हजला गेले होते (ती सेवा १९९५ साली बंद झाली). त्यांच्या गोष्टींत प्रत्येक हाजीला गाव असे, नाव असे.

सुकाणूवरचे दोन मलायी खलाशी मात्र जागचे हलत नाहीत. त्यांची साक्ष कॉनरॅडने थोडक्यात उरकली. मला तिथे अख्खं प्रकरण हवं होतं.