पाकीट फेकू नका

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पावणे गावाभोवती साठीच्या दशकापासून एमआयडीसीचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या आवक-जावक विभागांतून रोज टपाल निघायचं: बिलं, कोटेशनं, कामगारांची पत्रं, मुंबईतल्या हेड ऑफिसचे खलिते. त्यातलं आज काय उरलं आहे? जुन्या फायली रद्दीवाल्याकडे जातात, पाकिटं त्याआधीच गेलेली असतात. आपल्या तिकिटसंग्राहकांना त्याची हळहळ वाटत नाही, आणि मराठी तिकिटसंग्रहाचं आजचं दुखणं मला नेमकं इथं दिसतं. आपण तिकिटं जमवतो, टपाल वाचत नाही.

एखादं प्रदर्शन बघा. फ्रेमांमागून फ्रेमा पक्षी, रेल्वे, गांधीजी, शिवाजी महाराज. सगळं कोरं, सुबक, नीट मथळे दिलेलं. त्यामागची मेहनत आणि प्रेम मला मान्य आहे. शाळकरी मुलाला या छंदाची गोडी लागते ती अशाच विषयवार संग्रहातून. सरकारनं 2017 मध्ये सुरू केलेली दीनदयाळ स्पर्श योजना सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना या छंदासाठी वर्षाला 6000 रुपये देते, तेही चांगलंच. पण चाळिशी ओलांडलेला संग्राहकही तिथंच थांबलेला दिसतो, याचं वाईट वाटतं.

पैशाची चर्चाही या थांबण्याला हातभार लावते. 1948 च्या गांधी मालिकेतल्या, ‘सर्व्हिस’ असा जादा छाप असलेल्या 10 रुपयांच्या तिकिटांची चारांची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांना विकली गेली. तेव्हापासून घरोघरी आजोबांचे अल्बम उघडले जातात, त्यात दहा रुपयांचं तिकीट आहे का ते पाहण्यासाठी. आजोबांनी कुणाला काय लिहिलं, ते पत्र किती दिवसांत पोचलं, हे मात्र कुणी पाहत नाही.

वास्तविक आपल्याकडं अभ्यासाला इतकं आहे की एक आयुष्य पुरू नये. भोरच्या पंतसचिवांचं संस्थान पुण्याजवळचं, एवढंसं. त्यानं 1879 मध्ये स्वतःची तिकिटं काढली. हातकागदावर हातानं मारलेले तांबडे ठसे, अक्षरं देवनागरी. सुटं तिकीट फार तर ठशाची नक्कल कोणती ते सांगेल. पत्रावर वापरलेलं तिकीट सांगेल की संस्थानची डाक कोणत्या गावापर्यंत जात होती आणि इंग्रजी डाकेच्या हाती पत्र कुठं पडत होतं. धारच्या पवारांनी 1897 पासून, होळकरांनी 1886 पासून तिकिटं काढली. निजामाच्या जुन्या तिकिटांवर किंमत फारसी, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर मराठीतही आहे. मराठवाड्यातल्या टपालाचा इतिहास लिहायला तेवढा धागा पुरे. मुंबईचं तर विचारूच नका. 1868 पासून सुएझ आणि एडनच्या वाटेवरच्या बोटींवर टपाल वाटेतच वर्गवारी करून ठेवलं जाई, आणि त्या समुद्रावरच्या पोस्टाचे शिक्के वेगळे होते. जाल कूपर यांनी याच शहरात राहून जुन्या भारतीय शिक्क्यांचा अभ्यास केला आणि पुस्तकं लिहिली, पण इंग्रजीत. मराठीत त्या तोडीचं काम आपण उभं केलं नाही.

आता पुन्हा पावण्याकडे. कारखान्याच्या पाकिटावर बहुधा तिकीट नसेच. फ्रँकिंग मशीनचा लाल ठसा असे. त्यात टपाल कार्यालय, तारीख, रक्कम, परवान्याचा क्रमांक आणि कधी शेजारी कंपनीची जाहिरात. अल्बमवाल्याला हा ठसा कुरूप वाटतो. मला मात्र त्यात एक वस्ती उभी राहताना दिसते. पत्त्यात आधी नुसतं ‘ठाणे-बेलापूर रोड’, मग ‘न्यू बॉम्बे’, मग ‘नवी मुंबई’. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाकीट शेजारी ठेवलं आणि मागचे पोच-शिक्के वाचले, तर टपालाची वाट बदलली का, किती दिवस वाचले, हे कळू शकतं.

पिनकोडचंही तेच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित अधिकाऱ्यानं आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. पावणे जिल्ह्यानं ठाण्याचं, पण तिथल्या पिनची सुरुवात मुंबईच्या 400 नं. टपालखात्याचा नकाशा महसुली नकाशापेक्षा वेगळा होता, हे त्या तीन आकड्यांतून कळतं. 1972 ते 75 मधली पाकिटं पाहून लोकांनी हा आकडा लिहायला किती वेळ घेतला, हेही मोजता येईल. अजून कुणी मोजलेलं पाहिलं नाही.

घाई आहे, कारण पुरावाच आटत चालला आहे. काउंटरवर दिलेल्या स्पीड पोस्टला तिकिटाऐवजी बारकोडची चिकटपट्टी लागते. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटं छापली जातात, पण त्यातली किती पत्रांवर लागतात आणि किती थेट अल्बमांत जातात?

म्हणून तिकिटसंग्राहकांच्या मंडळांना माझी विनंती आहे. यंदाच्या प्रदर्शनात एक फ्रेम ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या व्यापारी टपालाला द्या. बंद पडलेल्या युनिटांच्या जुन्या कारकुनांना भेटा आणि बारनिशीच्या वह्या मागा. पाकिटावरचं तिकीट पाण्यात घालून सोडवू नका. अख्खं पाकीट ठेवा, त्यातलं पत्रही ठेवा.