चौक आणि नक्षी

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सुशिक्षित कुटुंबांस वारली चित्रांची ओळख करून देण्याचे कारण आता उरलेले नाही. गृहसंस्थेच्या प्रवेशद्वारावर, शाळेच्या कुंपणावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ती पांढरी माणसे आपणांस नित्य भेटतात. दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून जोडले, वर वाटोळे डोके ठेवले आणि काड्यांसारखे हातपाय काढले की वारली माणूस झाला, हे प्राथमिक शाळेतील मुलासही ठाऊक असते. एखाद्या लोककलेस इतकी मान्यता लाभली म्हणजे तिचे भाग्य उजळले, असे समजण्याची आपली रीत आहे. ही समजूत कितपत खरी आहे ते तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही कला आपल्या शेजारची आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. ‘वारली चित्रकला’ या नावास भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली तीही २०१४ सालीच. ज्या वर्षी हे नाव कायद्याने त्या मुलखाचे ठरले, त्याच वर्षी तो मुलूख ठाणे जिल्ह्याच्या नकाशातून निघाला. आपल्या भिंतींवर त्याची नक्षी मात्र राहिली. या नक्षीचे मूळ कशात आहे, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

मूळ आहे चौकात. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे घरातील आतली भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवितात. मग सुवासिनी तांदळाच्या पिठीचे पाणी करून, टोकाशी ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने त्या तांबूस भिंतीवर चौक रेखतात. चौकाच्या कडा दाट नक्षीने भरलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध पालघट देवी असते. ती सृजनाची देवता. तिचा चौक झाल्यावाचून लग्न लागावयाचे नाही. हे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी स्त्री. देवीच्या चौकाबाहेर, भिंतीच्या उरलेल्या भागात झाडे, पशुपक्षी, शेतीची कामे, वरात आणि तारप्याभोवतीचा नाच येतो. लग्न उरकते, दिवस जातात, भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक मिटतो. पुढचे लग्न येईल तेव्हा पुढचा चौक.

या वर्णनातील दोन गोष्टींकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पहिली अशी की, ज्याला आपण ‘वारली चित्र’ म्हणून ओळखतो तो तारप्याचा नाच मूळ चित्रात चौकाच्या बाहेर होता. भिंतीला अर्थ येई तो आतल्या देवीमुळे. दुसरी अशी की, हे चित्र बायकांचे होते, एका विशिष्ट दिवसाचे होते आणि मिटविण्यासाठीच काढलेले होते. आपण शहरात जे आणले त्यात देवी नाही, ती बाई नाही आणि तो दिवसही नाही. चौकटीच्या बाहेरचे तेवढे आपण उचलले आणि त्यालाच सगळे चित्र समजलो.

हे बोलणे कोणास अतिसूक्ष्म वाटेल, म्हणून घरचेच उदाहरण घेतो. चैत्रात गौर बसते तेव्हा आपल्याकडील अनेक घरांत अंगणी, अंगण नसेल तर उंबऱ्यापुढील हातभर फरशीवर, चैत्रांगण काढतात. त्यात सूर्य-चंद्र, शंख, गोपद्म, स्वस्तिक, कासव, तुळशीवृंदावन अशी चिन्हे असतात आणि प्रत्येक चिन्हास जागा असते. आजी ते काढताना नातीस सांगत असते. महिना सरला की चैत्रांगणही संपते. भाद्रपदात कोणी चैत्रांगण काढीत नाही. उद्या एखाद्या दूरदेशीच्या व्यापाऱ्याने त्यातील कासव तेवढे उचलून पायपुसण्यांवर छापले, तर ते कासव आपलेच असूनही आपणांस ओळखीचे वाटणार नाही. ही जाणीव स्वतःच्या अंगणाविषयी आपणांस उपजत असते. वारल्याच्या भिंतीविषयी ती नसावी, हे आपल्या रसिकतेतील न्यून होय.

या विस्मरणास आणखी एक बाजू आहे आणि ती केवळ रसिकतेची नाही. ज्या लग्नाचा तो चौक, त्या लग्नाचाच इतिहास पाहावा. खर्चासाठी वारली जमीनदाराकडून कर्ज काढी आणि ते फेडण्याकरिता त्याच्या शेतावर मजुरीवाचून राबे. पुष्कळदा त्याची बायकोही राबे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात या स्थितीची हकीकत आली आहे. ज्या दिवशी घरातील बाया भिंतीवर सृजनाची देवी रेखीत, त्याच दिवशी त्या घरातील तरुण पुढील कित्येक वर्षांसाठी गहाण पडत असे. वारली चौक हे निष्पाप वनवासी आनंदाचे चित्र आहे, असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. त्या आनंदाची किंमत ठरलेली होती आणि ती ठाऊक असूनही त्या बाया चौक रेखीत होत्या. त्या रेषेचे मोल आम्हांस यामुळे अधिक वाटते.

ही वेठ संपली ती कोणाच्या दयेने नव्हे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळे येथे किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातील काही वारली आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे हजारो वारल्यांनी जमून वेठ न करण्याचा निश्चय केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मारले गेले. त्याच १९४५ साली के. जे. सावे यांचा वारल्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथही मुंबईत प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी या समाजास ग्रंथात स्थान मिळाले आणि त्याने स्वतःचा आवाजही उठविला. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांस ही दुसरी गोष्ट ठाऊक आहे?

आता प्रश्न येतो तो चित्र भिंतीवरून कागदावर आले त्याचा. सन १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर गेले. बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांची चित्रे कागदावर यावीत म्हणून त्यांनी यापूर्वी काम केले होते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. लहानपणीच आई गेली आणि त्यानंतर पुष्कळ काळ हा मुलगा बोलत नसे, धुळीत चित्रे काढून मनातले सांगत असे, अशी त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे. बायकांची म्हणून मानलेली कला या पुरुषाने हाती घेतली आणि लग्नावाचून, रोजच्या रोज, केवळ काढावेसे वाटते म्हणून ते चित्रे काढू लागले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २००३ साली ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कृतींबरोबर ती मांडली गेली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्यच आहे. चौक सोडला म्हणून आम्ही शहरास दोष देतो. मग म्हसे यांनी तरी दुसरे काय केले? तेही चौकाबाहेर आले, त्यांनीही देवीवाचून चित्रे काढली आणि ती विकली. या आक्षेपास उत्तर त्यांच्या चित्रांतच शोधले पाहिजे. त्यांचे मासे धरण्याच्या जाळ्याचे चित्र घ्या. कापडाचा बहुतेक सारा पसारा जाळ्याने व्यापला आहे. अगणित बारीक रेघांनी ते विणले आहे आणि माणूस त्या पसाऱ्यापुढे अगदी लहानसा आहे. चौकाच्या कडा भरताना सुवासिनीस जो धीर लागतो, तोच धीर या जाळ्यात आहे. तिने कडा भरावयाची ती देवीला जागा व्हावी म्हणून. म्हसे यांनी जाळे विणले ते पाणी आणि मासे यांना जागा व्हावी म्हणून. चौक गेला, परंतु चौकाची शिस्त गेली नाही. त्यांच्या तारप्याच्या नाचात माणसांची साखळी वळत वळत आत जाते. तीत प्रत्येक देह शेजारच्याहून किंचित निराळा झुकलेला असतो. कोणाचा गुडघा अधिक वाकलेला, कोणाचा हात ताणलेला, आणि म्हणूनच सगळी साखळी फिरते आहे असे वाटते. म्हसे यांनी परंपरा मोडली असे म्हणणे खरे आहे. तथापि मोडण्याचा अधिकार त्यांनी रेषेगणिक कमावला होता.

आता आपल्या प्रवेशद्वारावरील नाच पाहा. तेथे छापाने एकच नर्तक वीस वेळा उमटविलेला असतो. वीसही गुडघे एकाच कोनात वाकतात, त्यामुळे साखळी फिरत नाही. जिन्याच्या कठड्याच्या गजांसारखी ती नुसती उभी राहते. वारली माणूस काढणे सोपे आहे, हीच या कलेची मोठी फसवणूक ठरली. एक माणूस काढणे सोपे, पन्नास माणसे एकत्र नाचविणे अतिशय कठीण. अक्षर गिरविणारा प्रत्येक जण ओवी रचू शकत नाही, हे आपण जाणतो. मग त्रिकोण जोडणाऱ्या प्रत्येकास वारली चित्रकार का म्हणावे?

कोणी म्हणेल की, या लोकप्रियतेमुळे पाड्यांवरील घरांत चार पैसे गेले, हे कसे नाकारता? आम्ही ते नाकारीत नाही. ज्या समाजाने लग्नापायी माणूस गहाण पडलेला पाहिला, त्याच्या मुलांनी चित्रे विकून लग्ने केली तर त्याहून अधिक चांगले काय? कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या भिंती आल्या तर तेही इष्टच. आमच्या डोळ्यांच्या हौसेसाठी कोणी झोपडीत राहावे, असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. परंतु छापील पडदा आणि छापील पेला घेतला म्हणजे पैसे त्या पाड्यावर जातातच असे नाही. भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याने नावाचे रक्षण होते. हाताचे रक्षण गिऱ्हाईकालाच करावे लागते. ज्या चित्रावर काढणाऱ्याचे नाव नाही, ते विकत घेताना आपण वारल्यांचे काही देणे लागतो हेच विसरतो.

ही कला संपलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. गंजाडचेच राजेश वांगड यांनी २०१३ पासून गौरी गिल या छायाचित्रकार स्त्रीबरोबर काम केले आहे. गिल यांनी टिपलेल्या त्या परिसराच्या छायाचित्रांवर वांगड आपल्या रेषांनी त्या भूमीच्या आठवणी, कथा आणि तिच्यावर ओढवलेले आघात भरतात. कॅमेऱ्यास जेथे रिकामे माळरान दिसते, तेथे या चित्रकारास माणसे, देव आणि संकटे दिसतात. पिठीच्या रेषेची शक्ती नाचापुरती आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत. आपल्या जमिनीचे काय झाले, हे सांगण्याइतकी ती रेषा आजही समर्थ आहे. आपण तिला केवळ शोभेच्या कामास लावले आहे, हा दोष तिचा नाही.

तेव्हा भिंतींवर वारली चित्रे काढू नयेत, असे आमचे सांगणे नाही. गृहसंस्थेस भिंत रंगवावयाची असेल तर रंगाऱ्याच्या हाती छाप देण्याऐवजी डहाणू-तलासरीकडील एखाद्या चित्रकार स्त्रीस किंवा पुरुषास बोलवावे, तिच्या कामाचे योग्य मोल द्यावे, काय काढावयाचे ते तिलाच ठरवू द्यावे आणि भिंतीच्या कोपऱ्यात तिचे नाव लिहावे. मुलांनी विचारले तर दोन त्रिकोणांच्या युक्तीबरोबर पालघटाचा चौक आणि १९४५ सालची गोष्टही सांगावी. चैत्रांगणाची चिन्हे नातीस समजावून देणाऱ्या घरांना हे अवघड नाही. आणि कधी काळी ती भिंत पुन्हा रंगवावयाची वेळ आली, तर खंत करू नये. त्या चित्राच्या मूळ रीतीत मिटणे होतेच. मात्र त्या वेळी पुन्हा तिलाच बोलवावे.