कामावरून काढण्याची भाषा : 'अधांतर' आणि ट्विटरमधील नोकरकपात

बीजसंज्ञा : कामगार साहित्य, नोकरकपात, गिरणगाव, संहिता, निवेदक

प्रस्तावना :

गिरणी, भोंगा, चाळ आणि संप या चार शब्दांभोवती मराठीतील कामगार साहित्याची चर्चा दीर्घकाळ फिरत राहिली आहे. नारायण सुर्वे यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे काव्यसंग्रह, तसेच जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक यांचा विचार आपण याच चौकटीत करतो आणि वर्गातही तो तसाच मांडतो. ज्या काळात ही चौकट घडली त्या काळाच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु आज यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पुण्याच्या हिंजवडीत अथवा बंगळुरूत संगणकासमोर बसून काम करतो, आणि एखाद्या दिवशी त्याचीही नोकरी जाते. त्याच्या या अनुभवाला आपल्या समीक्षेत कोणते स्थान आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अनुषंगाने येथे दोन संहिता समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली संहिता 'अधांतर' या नाटकाची आहे. दुसरी संहिता म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटर कंपनीने नोकरकपातीची सूचना देण्यासाठी कर्मचाऱ्यांना पाठविलेले ई-पत्र होय. एक वाङ्मयकृती आणि एक कार्यालयीन पत्र यांची तुलना प्रथमदर्शनी विषम वाटेल. तथापि माणसाला कामावरून काढल्याची गोष्ट कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि कोणत्या जागेवरून सांगतो हे तपासावयाचे असेल, तर या दोन संहिता एकमेकींवर चांगला प्रकाश टाकतात.

घटनेची पार्श्वभूमी :

एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेण्याचा करार केला. जुलैमध्ये त्यांनी त्यातून अंग काढून घेण्याचा प्रयत्न केला, कंपनी न्यायालयात गेली, आणि अखेर २७ ऑक्टोबर २०२२ रोजी व्यवहार पूर्ण झाला. त्याच दिवशी मुख्याधिकारी पराग अग्रवाल यांच्यासह काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना दूर करण्यात आले. मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी असलेले अग्रवाल २९ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या पदावर आले होते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना कमी करण्यात आले. भारतातील दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य घरी बसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली व मुंबई येथील कार्यालये बंद झाल्याच्या बातम्या आल्या. एप्रिल २०२३ मध्ये मस्क यांनी एका मुलाखतीत कर्मचाऱ्यांची संख्या दीड हजारांवर आल्याचे सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीचे 'ट्विटर' हे नावही गेले आणि तिची ओळख 'एक्स' अशी झाली.

कंपनीचा दिवसाला चाळीस लाख डॉलरहून अधिक तोटा होत असल्याने कपातीवाचून पर्याय नव्हता, अशी मस्क यांची बाजू होती. या दाव्याचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते कपात कळविण्याच्या पद्धतीकडे.

पत्राची संहिता :

३ नोव्हेंबरच्या ई-पत्राचा आशय थोडक्यात असा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत प्रत्येकाला संदेश मिळेल. ज्यांच्या नोकरीवर 'परिणाम' झालेला नाही त्यांना तो कार्यालयीन पत्त्यावर मिळेल. ज्यांच्या नोकरीवर 'परिणाम' झाला आहे त्यांना तो वैयक्तिक पत्त्यावर मिळेल. दरम्यान कार्यालये बंद राहतील आणि प्रवेशपत्रे चालणार नाहीत. पत्राखाली कोणाही व्यक्तीची सही नव्हती. तेथे केवळ कंपनीचे नाव होते.

समीक्षेच्या दृष्टीने या संहितेतील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, तिला निवेदक नाही. काढणारा कोण हे वाक्यरचनेतूनच वगळले आहे. 'आम्ही आपणास काढत आहोत' असे विधान तेथे नाही, 'परिणाम झाला आहे' एवढेच आहे. अवर्षण वा पूर यांचा परिणाम व्हावा तसा हा परिणाम होतो. दुसरी, निवाडा मजकुरात नसून पत्त्यात आहे. कोणत्या पेटीत पत्र पडले यावरूनच माणसाने आपले भवितव्य ओळखावयाचे आहे. अनेकांना तर तेही कळण्यापूर्वी आपला संगणक उघडत नसल्याचे आढळले. तिसरी, पत्राच्या विषयात माणसाऐवजी 'भूमिका' हा शब्द येतो. नाटकात भूमिकेमागे नट असतो. येथे केवळ भूमिकाच रद्द होते आणि ती वठविणाऱ्याचा उल्लेख करण्याची गरज उरत नाही.

'अधांतर'मधील खोली :

यवतमाळच्या वाचकाला मुंबईचे गिरणगाव तसे परके नाही. या जिल्ह्यातील पऱ्हाटीचा कापूस शकुंतला या अरुंदमार्गी गाडीने मूर्तिजापूरपर्यंत आणि तेथून पुढे मुंबईकडे जात असे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले. नागपूरची १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलही आज मॉलच्या नावापुरती उरली आहे.

'अधांतर' या पडझडीला एका चाळीतील खोलीत आणून बसविते. गिरणी कामगाराच्या धुरी कुटुंबातील आई, बाबा, मोहन, नरू हे तिघे मुलगे आणि मंजू ही मुलगी या खोलीत एकमेकांना भिडतात. बाबा लेखक होऊ पाहतो, तर नरू गुन्हेगारीकडे वळतो. संपाचा अर्थ येथे आकडेवारीने सांगितला जात नाही. तो भांडणातून, टोमण्यांतून आणि आईच्या सोसण्यातून व्यक्त होतो. नोकरी एकाची गेली तरी तिचे ओझे सर्वांनी वाटून घेतले आहे, आणि हे वाटप करण्यास खोली आहे, ही या नाटकाच्या रचनेतील मध्यवर्ती गोष्ट होय. मोडून पडलेल्या माणसालाही तेथे बोलण्यास समोर कोणी तरी असते.

ट्विटरमधून काढलेल्यांकडे अशी खोली नव्हती. त्यांनी आपला निरोप ट्विटरवरच लिहिला. कंपनीत पूर्वी कामाच्या ठिकाणावरील प्रेम व्यक्त करणारे एक घोषवाक्य वापरात होते. त्यातील क्रियापद भूतकाळी करून त्यांनी ते पुन्हा वापरले. एका क्रियापदाच्या काळातील हा बदल म्हणजे त्या दिवसांतील सर्वात बोलका मजकूर होय. परंतु तो ज्या फलकावर लिहिला गेला तो फलकही नव्या मालकाचाच होता. गिरणी कामगाराचे कामाचे ठिकाण मालकाचे होते, रडण्याचे ठिकाण मात्र त्याचे स्वतःचे होते. येथे दोन्ही एकाच मालकीत गेली. गिरणगाव आणि आजचे संगणकीय कार्यालय यांतील हा फरक वेतनातील फरकापेक्षा अधिक मूलगामी आहे.

शब्दांचा प्रवास :

येथे आपल्या भाषेकडेही पाहणे आवश्यक ठरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे तात्पुरते काम न देणे होते. त्यात कामगाराचे नाव हजेरीपटावर राहत असे आणि त्याला निम्म्या वेतनाची भरपाई मिळे. कायमचे काढणे ही 'कपात' आणि तिचे नियम वेगळे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद कायम आहे. आज मात्र वृत्तपत्रे आणि आपले विद्यार्थी कायमच्या कपातीलाच 'ले-ऑफ' म्हणतात. परत बोलावण्याचे आश्वासन ज्या शब्दात होते, तोच शब्द ते नसल्याचे दर्शवू लागला आहे.

'टाळेबंदी' या शब्दाचेही असेच झाले. गिरणगावात तो मालकाच्या कृतीचा वाचक होता. टाळे कोणी लावले हे त्यातून समजत असे. २०२० नंतर तो महामारीतील निर्बंधांसाठी रूढ झाला आणि त्याचा मूळ औद्योगिक अर्थ मागे पडला. 'नोकरी गेली' हा आपला रोजचा प्रयोग तर कर्त्याला आधीच मोकळा करतो. नोकरी जणू आपल्या पायांनी चालत गेली. म्हणजे ट्विटरच्या पत्रातील कर्तालोप आपणास नवा नाही. त्याला आपल्या बोलीतही जागा आहे.

एक आक्षेप :

उच्च वेतन घेणारा संगणक अभियंता आणि बदली म्हणून गिरणीच्या दारात उभा राहणारा कामगार यांना एका पंगतीत बसविणे योग्य नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. दोघांच्या दुःखाची प्रत सारखी नाही. संपकाळात उपासमार झाली. ट्विटरमध्ये काही महिन्यांच्या वेतनाची भरपाई देऊ केली गेली, आणि तिच्याविषयी तक्रार असणारे न्यायालयात जाऊ शकले. मात्र संपकाळात अनेक कामगार कोकणात वा घाटावर आपल्या गावी परतू शकले. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबाला नोकरी सुटल्यावर साधारणपणे ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो. तेव्हा अनुभव वेगळे आहेत. परंतु वेगळेपणा हे ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

आपण प्राध्यापकही या प्रश्नापासून दूर नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला सत्राअखेरीस कोणी काढत नाही, केवळ पुढील सत्राचे पत्र येत नाही. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.नंतरची काही वर्षे अशा पत्राची वाट पाहण्यात घालविली आहेत. त्या काळात 'अधांतर' पुन्हा वाचताना शीर्षकाचा अर्थ टिपणांतून शोधावा लागला नाही. अलीकडे हेच नाटक शिकवून झाल्यावर पुण्यातून नोकरी गमावून परतलेला एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो म्हणाला, "सर, त्यांच्या गिरणीले फाटक तरी होतं. म्या कोनाच्या दारात उभं राहू?" या प्रश्नाला उत्तर देईल असे मराठी नाटक त्याच्या हाती देता आले नाही.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, कामगार साहित्याची व्याख्या श्रमाच्या प्रकारावरून न करता कामावरील माणसाच्या असुरक्षिततेवरून आणि ती सांगण्याच्या त्याच्या अधिकारावरून केली पाहिजे. 'अधांतर'चे मोठेपण ते संपावर आहे यात सामावलेले नाही. कर्ता गाळून सांगितल्या जाणाऱ्या घटनेला ते नावे, नाती आणि एक खोली देते, यात ते आहे.

संपानंतर हे नाटक येण्यास पंधरा वर्षे लागली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा गिरणगावच्या मौखिक इतिहासाचा ग्रंथ इंग्रजीत २००४ साली आला आणि पुढे मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने अनुवादित झाला. आपल्याला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाकडे माजी विद्यार्थ्यांची यादी असते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी त्यांपैकी नोकरी गमावलेल्यांची निवेदने त्यांच्याच बोलीत नोंदविता येतील. ती नोंदविताना एक साधा नियम पाळावा : 'नोकरी गेली' या वाक्यापाशी न थांबता, ती कोणी काढून घेतली हे विचारावे आणि मिळालेले उत्तर कर्त्यासह लिहावे.