नवं कॅलेंडर, जुना खिळा

मध्यमवर्गीय माणसाला बदल हवा असतो. फक्त तो आधीसारखाच असावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. दर एक जानेवारीला आपण नवं कॅलेंडर आणतो आणि जुन्याच खिळ्याला टांगतो. खिळा हातभर सरकवला तर सगळं घर वर्षभर दुधाचे खाडे कोऱ्या भिंतीवर शोधत बसेल. संगणकवाल्यांचा हा खिळा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी उपटला गेला.

त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. २०१५ साली जन्मलेली ही प्रणाली दहाव्या वर्षी सेवानिवृत्त झाली. घरगुती गिऱ्हाइकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सेवावाढ जाहीर झाली खरी, पण सेवावाढीवरचा माणूस आणि प्रणाली, दोघांच्याही भरवशावर फार मोठे बेत आखू नयेत. बरं, विंडोज ११ वर जावं तर तिच्या अटी वरपक्षाच्या वर. टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आमचा २०१७ सालचा संगणक सातव्या पिढीतला. लग्नाच्या बाजारात सात पिढ्यांचं खानदान पुरतं. इथे आठवी लागते!

"अहो, पण तो चालतोय ना? मग टाकायचा कशाला?" हा आमच्या हिचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. पण ज्याची डागडुजी थांबली अशा संगणकावरून पैशाचे व्यवहार करणं म्हणजे तिजोरीची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. बँकेच्या काउंटरमागे बसून मी हे लोकांना सांगत असतो, तेव्हा घरात वेगळं बोलणं बरं दिसलं नसतं. धडधाकट यंत्र भंगारात घालायचं नसेल तर दुसरी प्रणाली घालणं आलं. आणि दुसरी म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली, फुकट मिळणारी, आणि म्हणूनच कॉमर्स झालेल्या माणसाला संशयास्पद वाटणारी.

लिनक्स एक नाही, घराणी अनेक. विंडोजमधून येणाऱ्या माणसाला बहुतेक सगळे जाणकार एकच भरवसा देतात : घाबरू नका, अगदी विंडोजसारखं दिसतं. लिनक्स मिंट हे २००६ पासूनचं घराणं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं जिथल्या तिथे. आवृत्त्यांना मात्र बायकांची नावं. 'विल्मा' गेली, 'झारा' आली, असं घरात मोठ्याने म्हणायची सोय नाही. झोरिन हे डब्लिनच्या दोन भावांचं. तिचा मुखवटा आपल्याला हवा तसा बदलता येतो, आणि तिची अठरावी आवृत्ती बाहेर पडली ती नेमकी १४ ऑक्टोबरलाच. तेराव्याच्या जेवणाला येऊन 'मग वाड्याचं काय ठरवलंत?' म्हणून विचारणाऱ्या दलालाची मला आठवण झाली. आपल्या सी-डॅकने २००७ साली एक भारतीय प्रणाली काढली. तिचं नाव 'बॉस'. हापिसात एक असताना घरी दुसरा कोण आणतो?

सारखेपणाचा हा सोस जुना आहे. २००१ साली अमेरिकेत एकाने आपल्या लिनक्सचं नावच 'लिंडोज' ठेवलं. मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेली आणि शेवटी २००४ साली दोन कोटी डॉलर मोजून तिने ते नाव सोडवून घेतलं. नक्कल करणाऱ्याला अस्सलवाल्याने पैसे दिल्याचं हे उदाहरण आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात नव्हतं.

माझी तक्रार या सारखेपणाच्या कसोटीवरच आहे. खुद्द विंडोज तरी कुठे स्वतःसारखी राहिली? १९९५ पासून लोकांच्या बोटांत बसलेलं 'स्टार्ट' बटण विंडोज ८ ने २०१२ साली काढून टाकलं, आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. म्हणजे नाव तेच आणि घर परकं, असंही होतं. परगावी 'नाशिकची मिसळ' अशी पाटी दिसते. तर्रीचा रंग जमलेला असतो, काळा मसाला मात्र नाशिकलाच राहिलेला असतो. बदलीच्या शाखेतही काउंटर, पंखा आणि साहेब सारखेच दिसतात. परकेपणा कळतो तो शिक्क्याची पेटी शोधताना.

तेव्हा मी चेहरा बाजूला ठेवला आणि शिक्क्याची पेटी शोधली. पहिली कसोटी मराठी टायपिंगची. तिथे सुखद धक्का! इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे एकच, कारण ते प्रमाण ठरलेलं आहे. बोटांना गाव बदलल्याचा पत्ताच लागला नाही. दुसरी हिशेबाची. घरखर्चाचं एक्सेल लिब्रे ऑफिसमध्ये मुकाट्याने उघडलं. त्यातले मॅक्रो मात्र रुसले. ज्यांचं पोट टॅलीवर चालतं त्यांनी इथे दहादा विचार करावा, कारण ते विंडोजसाठीच बनलेलं आहे.

तिसरी कसोटी वडिलांच्या आठवणींची. वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी वह्या भरभरून लिहिलं आणि मी ते २००४ साली संगणकावर उतरवलं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. वडीलही गेले. आता ती फाइल मिंटवर उघडली, तर एकशेचाळीस पानं इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची मिसळ! या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं नुसतं सोंग असतं, आत इंग्रजी अक्षराचाच आकडा असतो. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. दोष मिंटचा नव्हता. नव्या विंडोजवरही फॉन्ट नसता तर हेच झालं असतं. युनिकोडमध्ये रूपांतर करून, तुटलेली जोडाक्षरं हाताने सांधत, दोन महिने मी वडिलांना ओळीओळीने परत आणलं. त्यांच्या शुद्धलेखनाच्या धाकामुळे एकही ऱ्हस्व-दीर्घ सोडला नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा. मिंट चांगली आहे, झोरिनही देखणी आहे. पण 'विंडोजसारखी दिसते' हे प्रशस्तिपत्र दोघींनाही देऊ नये. दिसणं हे भाड्याचं असतं. आपलं जे आहे ते प्रमाण कळफलकात आणि युनिकोडमध्ये असलं, तर ते कुठल्याही घरात आपल्याबरोबर येतं. ही प्रणाली आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आतल्या विंडोजला धक्काही लागत नाही. तेव्हा चहापोह्यांच्या त्या कार्यक्रमात मुलगी कुणासारखी दिसते हे विचारू नका. आपली सगळ्यात जुनी फाइल तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "वाच बघू."